पोटखराब्यातले रहिवासी

सातबाऱ्यावर पोटखराबा नावाची एक नोंद असते. जमिनीचा जो तुकडा पिकत नाही तो तिथे जातो: कातळ, खळं, ओढ्याची धार, पाणंद, बांधालगतची खाचखळग्यांची पट्टी. पिकत नाही म्हणून त्यावर आकार नाही, आणि आकार नाही म्हणून त्याच्याकडे कोणाचं फारसं लक्षही नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिसरातल्या रानमाश्यांचा इतिहास लिहायला बसलं, तर जंगलखात्याच्या कागदांपेक्षा या दोन-चार गुंठ्यांच्या नोंदीच अधिक उपयोगी पडतात. माश्या राहत होत्या त्या तिथे.

मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं. इमारतीच्या छज्ज्याखाली किंवा पिंपळाच्या उंच फांदीला उघडं पोळं लटकवणारी आग्या, झाडाच्या ढोलीत आणि कपारीत एकामागे एक पोळी बांधणारी सातेरी, झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी, आणि भिंतीच्या फटीत राळेचं नळकांडं काढून राहणारी, नांगी नसलेली पोया. ही मंडळी ओळखीची. पण जगात माश्यांच्या सुमारे वीस हजार जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जातींना ना पोळं असतं, ना राणी, ना मध साठवायची हौस. मादी एकटीच बीळ खणते, त्यात पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, कप्पा बुजवते आणि पुढच्या कप्प्याला लागते. भारतात मिळून सातशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या मध देणाऱ्या बोटांवर मोजण्याएवढ्या.

निळ्या पट्ट्यांची माशी हे त्यातलं देखणं उदाहरण. पोटावर फिरोजी कडी असलेली ही माशी एका जागी ठरत नाही. फुलासमोर हवेत क्षणभर थबकते, जीभ आधीच बाहेर काढलेली असते, आणि झपकन पुढच्या फुलावर जाते. मादी मातीच्या बांधात किंवा कच्च्या भिंतीत बीळ करते. नराला घरच नसतं. संध्याकाळ झाली की तो एखाद्या वाळक्या काडीला जबड्यानं धरून, पाय सोडून, तिथेच झोपतो. शेजारी आणखी चार-पाच नर तसेच ओळीनं. वांग्याच्या शेतात सकाळी लवकर गेलं तर या माशीचं खरं काम दिसतं. वांगी आणि टोमॅटोच्या फुलांत पराग उघडा पडलेला नसतो, परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. माशी फुलाला मिठी मारते, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते, आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा पराग तिच्या पोटावर पडतो. आवाजही बदलतो, उडतानाची गुणगुण थांबून बारीक, चढ्या पट्टीतली घरघर ऐकू येते. पेटीतल्या सातेरीला ही विद्या येत नाही. लाकडं पोखरणाऱ्या काळ्या भुंग्याला येते.

आता या माश्या ठाण्या-कल्याणकडे नेमक्या कुठे राहत असतील याचा हिशेब मांडता येतो, कारण इथली जमीन कशी वापरली जाई याचे कागद चांगले आहेत. जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली तयार झालेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८२ साली निघालं. त्या काळच्या मोजणीत जमिनीचे ठळक प्रकार तीन: भात, बागायत आणि वरकस. भाताची खाचरं सखल भागात. पावसाळ्याचे तीन महिने ती पाण्याखाली. जमिनीत बीळ करणाऱ्या माशीला जुलै-ऑगस्टमध्ये खाचरात जागाच नाही. कोरडी जमीन उरते ती फक्त दोन ठिकाणी: बांधावर आणि वरकसात.

वरकस म्हणजे उताराची, मुरमाड, हलकी जमीन. तिथे नाचणी, वरी व्हायची, काही वर्षं पीक घेऊन मग ती मोकळी सोडायची. ऐनाची झाडं अधूनमधून ठेवलेली. त्यांच्या फांद्या तोडून, शेण-पालापाचोळ्यासह भाताच्या रोपांच्या जागेवर जाळायच्या, तो राब. मोकळ्या सोडलेल्या तुकड्यावर गवत, टाकळा, तेरडा, कुर्डू. टाकळ्याची कोवळी पानं आषाढात माणसांच्या पोटात जातात हे सगळ्यांना माहीत असतं. भाद्रपदात त्याच टाकळ्याला पिवळी फुलं येतात आणि त्यांचाही पराग वांग्यासारखाच हलवून काढावा लागतो, हे माश्यांना. सतत छाटल्या जाणाऱ्या झाडांना ढोल्या पडतात, त्यांत सातेरी. भात कापलं की खाचरात उरलेल्या ओलीवर वाल, बांधावर तूर. तुरीच्या फुलावर पानाचे गोल तुकडे कापून घर बांधणारी माशी येते, वालावर भुंगे. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत काही ना काही फुललेलं, आणि बीळ करायला कोरडी जागा कायम. हे जंगल नव्हतं. ती माणसानं तुडवलेली, जाळलेली, चारलेली जमीन होती आणि माश्यांना ती मानवत होती.

सरकारचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे जिल्ह्यातलं रान राखीव होऊ लागलं. राबासाठी फांद्या तोडायच्या की नाही, वरकसातली झाडं कोणाची, यावरून शेतकरी आणि जंगलखातं यांच्यात एवढी रणं माजली की १८८५ मध्ये ठाणे-कुलाब्याच्या तक्रारी ऐकायला मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. गंमत अशी, की माश्यांची पहिली शिस्तशीर नोंद करणारे लोकही जंगलखात्यातलेच. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉबर्ट रॉटन मुंग्या, गांधीलमाश्या, मधमाश्या गोळा करत आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहीत. ब्रह्मदेशात वनखात्यात काम केलेले चार्ल्स बिंगहॅम यांनी १८९७ मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेत गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचा खंड काढला. आजही भारतातली माशी ओळखायची तर अभ्यासक त्या खंडापाशी जातातच. पण त्यात माशी कुठे सापडते ते प्रांताच्या किंवा शहराच्या नावानं लिहिलेलं आहे. बांधावर सापडली की वरकसात, हे लिहिण्याची तेव्हा कोणाला गरज वाटली नाही. बांध काय, सगळीकडेच होते.

माश्यांची दुसरी माहिती कातकऱ्यांकडे होती. खैरापासून कात काढणं हा ज्यांचा मूळ धंदा, त्या कातकऱ्यांना रानाच्या राखणीचा फटका सगळ्यांत आधी बसला. मध काढणं, मासे-खेकडे धरणं, मोळी विकणं हे त्यांचं उरलेलं जगणं. कोणत्या झाडाला मोहोळ बसतं, ते कधी भरतं, धूर किती द्यायचा, पोळ्याचा कोणता भाग कापायचा, हे ज्ञान कागदावर नव्हतं. पुढे कल्याण, भिवंडी भागात वीटभट्ट्या वाढल्या तेव्हा त्याच कातकऱ्यांना उचल देऊन भट्टीवर नेलं जाऊ लागलं. दिवाळीच्या सुमारास उचल घ्यायची, पाऊस पडेपर्यंत भट्टीवर राबायचं. मधाचा हंगामही नेमका त्याच महिन्यांतला. त्यामुळे ज्या पिढीला मोहोळ कळत होतं ती मोहोळाच्या दिवसांत भट्टीवर, आणि भट्टीत जाणारी माती भातखाचरांतून आणि त्यांच्या कडांवरून खरवडलेली. मुंबईच्या भिंती उभ्या राहिल्या त्या या मातीवर. जमिनीच्या वरच्या वीतभर थरात ज्यांची बिळं, त्यांच्यासाठी याहून थेट नुकसान दुसरं नाही.

गवताची गोष्ट तर आणखी महत्त्वाची, आणि ती सहसा माश्यांच्या संदर्भात सांगितली जात नाही.

ठाणे जिल्ह्यातलं गवत मुंबईला जाई. १८७४ ते १९०५ मुंबईत घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. त्याशिवाय टांगे, बग्ग्या, लष्कराची जनावरं, म्हशींचे तबेले. या सगळ्यांच्या पोटात जाणारं गवत दाबून, गठ्ठे बांधून रेल्वेनं रवाना होत असे. गवताला भाव होता म्हणून गवताळ जमीन राखली जात होती. किती भाव, ते १९४५ च्या वारली उठावातून कळतं. उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं, जमीनदारांपुढे मागणी ठेवली ती पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरीची. तो लढा वेठीविरुद्धचा आणि मजुरीचा होता, आणि तसाच तो वाचायला हवा. पण त्यातून एक गोष्ट निसटून कळते: डोंगरउतारावरचं गवत हा तेव्हा ज्याच्यासाठी गोळ्या झाडल्या जाव्यात एवढा मोलाचा माल होता. गवत दसऱ्यानंतर कापलं जाई, म्हणजे पावसाळी रानफुलं फुलून, बी धरून झाल्यावर. माश्यांना यापेक्षा सोयीचं वेळापत्रक कोणी आखून दिलं नसतं. ट्रक आले, टांगे गेले, तबेल्यांना बाहेरचा चारा मिळू लागला, तसा हा उतार हिशेबातून उतरला. ज्याला गवताचा भाव नाही त्याला मग फक्त जागेचा भाव.

रेल्वेनं गवत नेलं, तसं या भागाचं रूपही बदललं. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी मे महिन्यात खाडी ओलांडून कल्याणला पोचली. रुळांसाठी सखल खाचरांतून मातीचे भराव घातले गेले. पोलंडमध्ये रेल्वेच्या भरावांवर माश्या मोजण्याचं काम झालं आहे. आसपासच्या गवताळ कुरणांपेक्षा या उतारांवर अधिक प्रकारच्या माश्या निघाल्या. उघडी, उतरती, कोरडी माती आणि कोणी न पेरलेली फुलं, एवढंच त्यांना हवं असतं. ठाण्या-कल्याणच्या भरावांकडे या नजरेनं पाहण्यासारखं आहे. मात्र इथे मार्गांच्या संख्येबरोबर भराव भिंतींनी बांधले गेले, आणि रुळांलगतच्या उरलेल्या पट्ट्यांवर रेल्वेच्याच योजनेखाली भाजी पिकू लागली. दिवा, कोपर, ठाकुर्लीच्या प्रवाशांना ती रोज दिसे: पालक, माठ, मुळा, भेंडी. पालेभाजी फुलावर यायच्या आधीच उपटली जाते, तेव्हा त्या हिरव्या पट्ट्यात माशीच्या कामाची एकटी भेंडी.

स्वातंत्र्यानंतरचा वेग वेगळाच. महायुद्धात उभारलेल्या कल्याण कॅम्पात फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ ला त्याचं उल्हासनगर झालं. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि ठाण्याची वागळे इस्टेट त्याची पहिली वसाहत ठरली. दोन वर्षांनी डोंबिवलीत रासायनिक कारखान्यांची वसाहत आली. गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोल्यांतून, गिरगाव-दादरच्या चाळींतून माणसं डोंबिवलीला ‘स्वतःची जागा’ घ्यायला येऊ लागली. १९८२ साली ठाणे महानगरपालिका, १९८३ साली कल्याण-डोंबिवली. आसपासची सत्तावीस गावं तेव्हाच पालिकेत घेतली, २००२ मध्ये वगळली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली. हद्द आत-बाहेर होत असताना चाळी आणि इमारती मात्र एकाच दिशेनं वाढत होत्या. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची वस्ती १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर गेली.

कारखाने माश्यांच्या मुळावर आले असं सरसकट म्हणणं मात्र खरं नाही. डोंबिवलीच्या रसायनांबद्दल कोणी चांगलं बोलणार नाही, पण ठाण्याच्या पोखरण रोडवरच्या मोठ्या कंपन्यांची आवारं हे वेगळं प्रकरण होतं. एकराएकरांची जागा, त्यातल्या थोड्या भागावर शेड, बाकी झाडं, गवत आणि भिंतीकडेचा उकिरडा. १९२५ पासूनची रेमंडची गिरणी घ्या किंवा १९०१ पासूनचं मनोरुग्णालय घ्या: कुंपणाच्या आत कोणी फिरकत नव्हतं, आणि त्यामुळेच तिथे जुन्या वरकसाचे तुकडे टिकून राहिले. ही कोणाची पर्यावरणनिष्ठा नव्हे, निव्वळ दुर्लक्ष. २००७ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द झाला, कारखाने बंद पडत गेले, आणि अडकलेल्या जमिनी बाजारात आल्या. रेमंडच्या जागेवर आज त्याच नावाचे टॉवर आहेत. मनोरुग्णालयाच्या जमिनीच्या एका भागावर ठाणे-मुलुंडमधलं नवं स्टेशन व्हायचं आहे.

मग टॉवरच्या आवारात बागा होतात की. होतात, आणि इथेच माशीच्या आणि माणसाच्या हिरवळीत फरक पडतो. हिरवळ म्हणून अंथरलेल्या गवताला फूल येऊ दिलं जात नाही. पोडियमची बाग पार्किंगच्या छतावर असते. माती वीत-दोन वीत, खाली स्लॅब. उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची शोभेची फुलं डोळ्यांना छान, पण पाकळ्यांच्या गर्दीत पराग थोडा. एकट्या राहणाऱ्या माशीला खायला थोडंफार मिळालं तरी राहायला काही नाही.

घरांचं तसंच. आगरी-कोळ्यांच्या, ठाकूर-कातकऱ्यांच्या घरांना पूर्वी कुड असे. कारवीच्या काटक्या उभ्या-आडव्या विणून त्यावर शेणमातीचा गिलावा. छपराला बांबूचे वासे, त्यावर पेंढा किंवा कौलं. अशा घरात वाशाच्या तोंडाशी पानाचे तुकडे कोंबलेले दिसत, मागच्या भिंतीला पेन्सिल जाईल एवढी भोकं दिसत, आडव्या लाकडाखाली भुशाचा ढीग दिसे. म्हाताऱ्या बायका भुंगे पोखरतात म्हणून कुरकुरत. घर एका कुटुंबाचं, पण त्यात तीन-चार जातींच्या माश्यांची बिऱ्हाडं. सिमेंटचं घर बांधणं ही त्या माणसांची गरज होती, त्यात खेद करण्यासारखं काही नाही. माश्यांना पर्यायी जागा मात्र कुठल्याच पुनर्वसन योजनेत नव्हती.

या सगळ्यात एका माशीचं भलं झालं, ती आग्या. तिला मूळचा हवा असतो उभा कडा किंवा उंच झाडाची आडवी फांदी. वीस-तीस मजली इमारतीचा छज्जा, पाण्याच्या टाकीचा तळ, पुलाची कमान, हे तिला कड्यासारखंच. ती चाऱ्यासाठी काही किलोमीटर सहज जाते, त्यामुळे खाली फूल नसलं तरी तिचं अडत नाही. पावसाळा संपला की येते आणि पुढच्या पावसाआधी बहुतेक निघून जाते. चांदण्या रात्रीही ती उडते, म्हणून घरातल्या दिव्यावर झडप घालते. सकाळी गॅलरीतल्या ट्यूबखाली मेलेल्या माश्यांचा खच पाहून सोसायटीच्या ग्रुपवर एकच गलका होतो. संध्याकाळपर्यंत पेस्ट कंट्रोलवाला येऊन जातो. आग्याचा डंख जीवघेणा ठरू शकतो, तेव्हा लहान मुलांच्या आईबापांची भीती खोटी नाही. तरी फवारणीनं फक्त माश्या मरतात. जागा तीच राहते आणि पुढच्या हिवाळ्यात नवं मोहोळ तिथेच बसतं. आग्या डोळ्यांसमोर असल्यामुळे शहरात मधमाश्या वाढल्या असा समजही पसरतो. प्रत्यक्षात वाढलेली दिसते ती एक जात.

जगभरात चित्र असंच तिरपागडं आहे. २००९ मध्ये रॅशेल विन्फ्री आणि सहकाऱ्यांनी तोवरचे ५४ अभ्यास एकत्र मांडले. माणसाच्या हस्तक्षेपानं रानमाश्या घटतात हे दिसलं, पण मोठी घट दिसली ती जिथे नैसर्गिक जागा जवळजवळ उरलीच नव्हती तिथे. थोडीफार तुडवलेली जमीन माश्या चालवून घेत होत्या. कोस्टा रिकामध्ये २००४ साली कॉफीच्या एका मळ्यात मोजलं गेलं, तेव्हा जंगलाच्या साधारण किलोमीटरभर अंतरातल्या झुडपांना वीस टक्के जास्त पीक आलं. जर्मनीतल्या नऊ शहरांचा २०२० सालचा अभ्यास तर शहरांच्या बाजूनं बोलतो: आसपासच्या शेतीपेक्षा शहरांत माश्यांच्या जाती जास्त आणि फुलांवरचा राबताही जास्त. तो वाचून आपल्याकडच्या एखाद्या बिल्डरनं जाहिरात काढायला हरकत नाही, फक्त एक लक्षात घ्यावं. तिथल्या शहरांत परसबागा, भाडेपट्ट्यावरचे भाजीचे तुकडे, रिकाम्या जागा आहेत. आणि ज्या शेतीशी तुलना केली ती मैलोन्‌मैल एकाच पिकाची, फवारलेली. आपल्याकडे शहरानं गिळली ती छोट्या तुकड्यांची, बांधाबांधांची शेती. २०२१ मध्ये अर्जेंटिनाच्या दोन संशोधकांनी जगभरच्या संग्रहालयांतल्या आणि निरीक्षकांच्या नोंदी चाळल्या. १९९० च्या आधी ज्या जाती नोंदल्या जात होत्या, त्यांच्या तुलनेत २००६ ते २०१५ या काळात सुमारे पाव जाती कमी दिसल्या. शोधणारे वाढले, कॅमेरे वाढले, जाती मात्र कमी.

ठाण्याच्या बाजूनं जमेच्या दोन मोठ्या गोष्टी आहेत, डोंगर आणि खाडी. पश्चिमेला येऊर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या १०४ चौरस किलोमीटरांचा भाग. पूर्वेला खाडी. उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनी तिवरांना कवच मिळालं, २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव आलं. सुंदरबनात ज्या झुडपाचा मध सगळ्यांत उत्तम मानतात ते काजळा, म्हणजे तिथलं खलशी, ठाण्याच्या खाडीतही आहे. पण खाडीचा चिखल रोज भरतीखाली जातो आणि दाट जंगलात उघडी ऊन लागणारी जमीन कमी. बीळ करणाऱ्या माश्यांची जागा या दोहोंच्या मधली: पायथ्याचा उतार, खारबांध, मिठागरांची कड, गावाभोवतीचं गुरचरण. नेमका तोच पट्टा घोडबंदर रोड झाला. गायमुखाजवळ डोंगर आणि खाडी जवळजवळ एकमेकांना भिडतात, तरी मधे वाहनांची रांग. एकट्या राहणाऱ्या माश्या चाऱ्यासाठी घरापासून किती लांब जातात हे मोजलेलं आहे: जातीप्रमाणे दीडशे ते सहाशे मीटर. म्हणजे कासारवडवलीतल्या माशीला डोंगर दिसतो, पोचत नाही.

त्याच रस्त्यावर ओवळ्याला एक खाजगी फुलपाखरू उद्यान आहे. शेतजमिनीच्या छोट्या तुकड्यावर फुलपाखरांच्या खाद्यवनस्पती लावून, बाकी रान वाढू देऊन ते उभं राहिलं. फुलपाखरांसाठी केलेल्या अशा जागा माश्यांनाही चालतात, बागकाम थोडं कमी केलं की झालं.

सरकारी मदतीचा रोख मात्र कायम पेटीवर राहिला आहे. महाबळेश्वरला १९४६ पासून मधोद्योगाचं काम सुरू झालं, १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आली, २०१७ पासून खादी आयोगाचं हनी मिशन, २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव. सातेरीसाठी हे चांगलंच. इमारतीच्या डक्टमध्ये बसलेली सातेरी जाणकार माणूस हलक्या हातानं काढतो, पोळी दोऱ्यानं चौकटीला बांधतो, राणी आत गेली की बाकी माश्या मागोमाग पेटीत येतात, आणि ती पेटी एखाद्या बागायतदाराकडे जाते. निळ्या पट्ट्यांच्या माशीला असं उचलून नेता येत नाही. तिला पेटी नाही, तिचा मध नाही, म्हणून तिच्यासाठी अनुदानाचा फॉर्मही नाही. उलट २०१८ मध्ये महसूल नियमांत बदल होऊन पोटखराब्याची ‘अ’ वर्गातली जमीन लागवडीखाली आणून आकारणीत घ्यायची सोय झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते रास्तच होतं. जी जमीन त्यानं घाम गाळून पिकती केली, तिच्यावर त्याला कर्ज आणि विमा मिळायला हवा.

मुरबाड-शहापूरकडे अजून वाल पेरला जातो, बांधावर तूर असते, ठाकूर बायका मांडवावरची काकडी आणि कारली घेऊन कल्याण स्टेशनबाहेर बसतात. पण तिकडेही समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण होऊन भिवंडीजवळ आमण्यापर्यंत आला आहे, गोदामांची रांग लागली आहे, आणि ‘एनए’ झालेल्या प्लॉटचे फलक माळशेजच्या रस्त्यावर दुतर्फा आहेत.

येऊरच्या डोंगरात २०२४ साली कारवी फुलली. आठ वर्षांतून एकदा फुलणारं हे झुडूप. त्याआधीचा बहर २०१६ चा. त्या काही आठवड्यांत डोंगरभर जांभळा रंग चढतो आणि आग्या-सातेरी तिथे लोटतात. कारवीच्या दाट, काळपट मधाची ख्याती महाबळेश्वरापर्यंत आहे. पुढचा बहर २०३२ मध्ये. ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे ठाण्याची २९ किलोमीटरची वर्तुळाकार मेट्रो तोवर सुरू झालेली असेल आणि डोंगराखालून बोरिवलीला जाणारा बोगदाही. कारवी बघायला येणाऱ्यांची जाण्यायेण्याची सोय उत्तम होणार आहे.